दुसरी सुई

खडकओढ्यात दोन जावा दहा वर्षं एकमेकींशी बोलत होत्या, पण म्हशीमार्फत.

थोरली फुलाबाई, धाकटी शेवंता. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत, भिंतीला लागून सामाईक नळ आणि नळाशेजारी शेवंताची म्हैस. फुलाबाईला काही सांगायचं असलं की ती म्हशीकडे तोंड करायची. “म्हशी, तुज्या मालकिणीला सांग, छपरावरची सोलरची पाटी जरा तिरकी कर म्हणावं. दुपारभर आमच्या डोळ्यांवर चमकती.”

शेवंता हातातलं काम न सोडता आतून म्हणायची, “म्हशी, सांग तिला, डोळं झाकून घे म्हणावं. सवय हाय की.”

म्हैस रवंथ करत दोन्हीकडचं ऐकून घ्यायची. तिच्याइतका निःपक्षपाती माणूस गावात दुसरा नव्हता, आणि तीही माणूस नव्हती.

यामागचं कारण पाण्याचं. गावच्या तलावातून एक जाड नळ काढून तो लांबच्या सर्व्हरनगरीला न्यायचं ठरलं. तिथं हजारो संगणक रात्रंदिवस तापत होते आणि त्यांना थंड करायला पाणी हवं होतं. गाव पंपघरासमोर ठिय्या मांडून बसलं. बायका नुसत्या बसत नाहीत, हाताला काहीतरी लागतं. शेवंताचे दिवस भरत आले होते, म्हणून तिच्या बाळासाठी गोधडी मांडवातच शिवायला घेतली. सूत्रधार सासूबाई, गोजराबाई. एका दुपारी बाकीच्या बायका आपापल्या ओळी सरवून मांडवाच्या पलीकडे जेवायला गेल्या, शेवंता कळ आली म्हणून घरी गेली आणि तेवढ्यात गोळ्या सुटल्या. गोजराबाई जागीच गेली.

सरकारी अहवालात वेगळंच आलं. जमाव उठला, दगडफेक झाली, भोंग्यावरून पुन्हापुन्हा ताकीद दिली, मग नाइलाजानं गोळीबार करावा लागला. मयत गोजराबाई दगड घेऊन सगळ्यांच्या पुढं उभ्या होत्या. खाली साक्षीदाराची सही होती ती गोजराबाईच्याच थोरल्या मुलाची, दिनकरची. म्हणजे फुलाबाईच्या नवऱ्याची. पुढं वर्षभरात त्यांचा मुलगा सुशांत पंपघरावर नोकरीत कायम झाला. फुलाबाईनं जबाब दिला तो एवढाच, “मी घरी हुते. भाकरी थापत हुते.”

जेवायला गेलेल्या बायकांनी शपथेवर सांगितलं की भोंगा वाजलाच नाही. पण त्या आंदोलनातल्या, म्हणजे हितसंबंधी. त्यांचं कोण धरतं? व्हिडिओ होते म्हणाल, तर भरपूर होते. त्या दिवशी मोबाइल बंद पाडले होते, तरी आठवड्याभरात गोळीबाराचे इतके व्हिडिओ फिरले की विचारू नका. एकात गोजराबाई डाव्या हातानं दगड मारतेय, एकात उजव्या. एकात तर म्हातारी मोटारसायकलवरून येतेय. असली चित्रं आता कुणीही घरबसल्या बनवतं. शेवटी कोर्टानं हात जोडले आणि व्हिडिओ हा पुरावा म्हणून धरणंच बंद केलं. ती खोटी चित्रं बनवणारी यंत्रं कुठं होती? सर्व्हरनगरीत. कुणाच्या पाण्यावर थंड राहत होती? ते सांगायला नको.

उरली ती गोधडी. अर्धवट.

गोधडीची एक रीत आहे खडकओढ्यात. जिनं ओळ धरली तिनंच ती सरवायची. मधेच उठावं लागलं तर सुई तिथंच टोचून ठेवायची; तिला दुसरीनं हात लावायचा नाही. आणि सगळ्या ओळी सरेपर्यंत गोधडीला ना पाणी लावायचं, ना ऊन दाखवायचं. त्यामुळं ती गोधडी दहा वर्षं शेवंताच्या घरात ज्वारीच्या कणगीत, अंधारात, गारव्याला पडून होती. तिच्यात दोन सुया होत्या. एक गोजराबाईची. तिच्यापासून वीतभर अंतरावर दुसरी. त्या दुसऱ्या सुईमागचे टाके उजवीकडे कललेले, पावसात वाकलेल्या पिकासारखे. तसे टाके गावात एकच बाई घालते, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि गाव ते बोलत नव्हतं. घरातलं भांडण घरात, असा गावाचा सोयीस्कर विवेक.

आणि मग मुजावर मॅडम आल्या.

डॉ. मेहजबीन मुजावर विद्यापीठात कापडाचं शास्त्र शिकवत. न धुतलेल्या गोधडीबद्दल ऐकून त्या आल्या होत्या. बोलण्याचा वेग असा की समोरच्याचा चहा गार व्हावा, आणि स्वतःचा सांडावा. त्यांनी शिलाई मशीनएवढी एक पेटी शेवंताच्या सोप्यावर ठेवली. भोवती निम्मं गाव जमलं.

“ताई, तुम्ही दोऱ्याला मेण लावता ना?”

“लावतो की. न्हाईतर गुंता हुतो.”

“तेच! तेच तर!” मॅडमनी मांडीवर थाप मारली. “फार जुन्या काळी माणसानं आवाज पहिल्यांदा साठवला, तेव्हा मेणाच्या नळीवर साठवला. आवाज म्हणजे हवेचा थरकाप. एक टोक थरथरतं, मेणावर ओरखडा उठतो. पुन्हा तोच ओरखडा चाचपला की तोच आवाज. आता बघा, तुम्ही सुई कापडातून काढता आणि दोरा ओढता. त्या क्षणी दोरा ताणलेला असतो, वीणेच्या तारेसारखा. आजूबाजूला कुणी बोललं की तो थरथरतो. आणि थरथरत कापडातून घासून जातो. मेणावर काय उठणार?”

“वरखडा!” मागून कुणीतरी ओरडलं.

“शाब्बास! इतका बारीक की डोळ्याला दिसायचा नाही. ही पेटी प्रकाश टाकून तो वाचते. पण गोधडी गरम पाण्यात धुतली की मेण गेलं, आवाज गेला. म्हणून जगातल्या सगळ्या गोधड्या मुक्या आहेत. तुमची धुतलेलीच नाही.”

शेवंतानं वळून आतल्या कणगीकडं पाहिलं. कणगीत दहा वर्षं सासूबाई, आपल्या आत्ती, बोलत पडल्यात आणि आपण त्यावर ज्वारी ओततोय!

“पण एक अडचण आहे,” मॅडम म्हणाल्या. “तबकडी कुठल्या वेगानं फिरवायची हे कळलं नाही तर गाण्याचं गुरगुरणं होतं. प्रत्येकीचा दोरा ओढायचा वेग वेगळा. हस्ताक्षरासारखा, जन्मभर तोच. वयानं मंदावतो, तेवढा हिशेब लावता येतो. पण वेग जित्या हाताकडूनच मिळतो. थांबा, दाखवते.”

त्यांनी शेवंताच्या बोटात वेग मोजणारी एक अंगठी घातली आणि चार ओळी शिवायला लावल्या. मग तिनं गेल्या आठवड्यात शिवलेला, अजून न धुतलेला उशीचा अभ्रा पेटीत सरकवला. पेटी घुमली. खरखर झाली. आणि एकदम, तुटक तुटक, पण लख्ख:

“…म्हशी, सांग तिला… नाक एवढं वर करून… चालती जशी काय… कलेक्टरची सासू…”

सोपा हसून लोळला. मॅडम हसल्या. शेवंताचा नवरा संपत भिंतीला टेकून खोकला येईपर्यंत हसला. शेवंता तेवढी हसली नाही. तिनं भिंतीकडं पाहिलं. पलीकडं फुलाबाई कपडे वाळत घालायच्या निमित्तानं उभी होती. हातातलं लुगडं हातातच. तिनं सगळं ऐकलं होतं. शिवी लागली म्हणून ती थबकली नव्हती. दोरा बोलतो, हे तिला आत्ता कळलं होतं.

दुपारून गोधडी पेटीत गेली. गोजराबाईच्या दोऱ्यातून नुसता घरघराट आला. हात गेलेला, वेग गेलेला. दुसऱ्या सुईच्या दोऱ्यातूनही तेच.

“या दुसऱ्या सुईचा हात मिळाला तर दोरा उघडेल,” मॅडम म्हणाल्या. “वीतभर अंतरावर बसलेली बाई. तुमच्या सासूबाई उभ्या होत्या की बसलेल्या, भोंगा वाजला की नाही, सगळं यात असणार. सोमवारी गोळीबाराच्या चौकशी आयोगाची शेवटची बैठक. त्यानंतर फाइल बंद. कुणाचा आहे हात?”

सगळा सोपा शेवंताकडं बघायला लागला. शेवंता म्हणाली, “चहा टाकते.”

चुलीपाशी संपत आला. “नाव सांग की. आई माजी गेली. मी सांगू का?”

“सांगा. पर त्या सांजेला कस्तुरा कुणाच्या हातात जल्मली, ते बी सांगा.”

संपतनं चुलीत लाकूड सारलं. रस्ते बंद, गाडी नाही, बाहेर नुसता आरडाओरडा, आणि रक्तानं भिजलेलं लुगडं तसंच ठेवून फुलाबाईनं शेवंताला बाळंत केलं होतं. ते रक्त कुणाचं, हे तेव्हा विचारायला उसंत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकरची सही झाली. म्हणजे शेवंताच्या मनात थोरलीच्या नावावर लागोपाठच्या दोन दिवसांची दोन कलमं होती, एक जमेचं, एक खर्चाचं. दहा वर्षं ती दोन्ही कलमं आमनेसामने धरून बसली होती. बाकी काही निघत नव्हती.

पण सोमवार जवळ आला तसा तिचा धीर सुटला. शनिवारी भर दुपारी, सगळी आळी पेंगत असताना, तिनं भिंतीवरून पाय टाकला आणि फुलाबाईच्या दोरीवर वाळत घातलेली वाकळ ओढली. म्हशीनं मान वर केली. “गप,” शेवंता तिला म्हणाली, “तू काय बघितलं न्हाईस.” वाकळ काखेत मारून ती शाळेत पळाली. तिथं मॅडमचा मुक्काम होता. धाप लागलेली, कानशिलं तापलेली. आयुष्यात पहिल्यांदा चोरी केली आणि ती इतकी आवडेल असं तिला वाटलं नव्हतं.

मॅडमनी टाक्यांचा कल, लांबी, गाठीची वळणं जुळवून पाहिली. “हाच हात! ताई, हाच! वाकळ धुतलेली आहे, आवाज नाही यात, पण हात हाच.” त्यांनी लगेच कागद पुढं ओढला. “मी आजच आयोगाला कळवते. समन्स निघेल. सोमवारी पोलीस घेऊन येतील त्यांना.”

शेवंता उठून उभी राहिली.

“कोण घिऊन येतील?”

“पोलीस. म्हणजे, तशी पद्धतच…”

“त्या घरात एकदा आल्याती पोलीस. सही न्यायला.” शेवंतानं वाकळ घडी घालायला घेतली. “आणि मॅडम, दरडावून बसवलेल्या बाईचा हात तिचा असतो व्हय?”

मॅडमचा पेन थांबला. मग त्यांनी कपाळावर हात मारला. “नसतो. घाबरलेला हात वेगळाच ओढतो. सगळा वेगच चुकेल.” कागद त्यांनी चुरगाळून टाकला. “मग काय करायचं?”

“मला काय इचारता? मी चोर हाय. चोर माल परत करतो, एवढंच मला कळतंय.”

भिंतीवर एक पाय इकडं, एक पाय तिकडं, काखेत वाकळ, अशा अवस्थेत शेवंता असताना फुलाबाई दारात येऊन उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग दोघींनी, रिवाजाप्रमाणं, म्हशीकडं पाहिलं.

“म्हशी,” फुलाबाई म्हणाली, “इचार तिला, माजी वाकळ तिच्या काखेत काय करती?”

“म्हशी, सांग तिला, वाऱ्यानं उडाली हुती.”

“वारं शाळंपातूर गेलं व्हय?”

शेवंता भिंतीवरच बसली. आता लपवण्यात काही राम नव्हता. “म्हशी, सांग तिला. नाव न्हाई दिलं म्हणावं कुणाला. देणार बी न्हाई. फकस्त एवढंच, की आत्ती दगड घिऊन उभ्या हुत्या असं कागदावर ऱ्हाणार म्हणावं, जल्मभर. माज्या कस्तुराच्या पोरांनी बी तेच वाचायचं.”

फुलाबाईनं वाकळ घेतली. तिची घडी उलगडली, परत घातली. घडी चांगली होती, तरी परत घातली.

“म्हशीला पाणी दाव,” ती म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी तालुक्याच्या सभागृहात आयोग बसला. निवृत्त न्यायमूर्ती सौम्य, चष्मा नाकावर, गुडघेदुखीनं त्रासलेले. पाणी कंपनीचे वकील रुबाबदार. बोलताना बाह्यांची बटणं चाचपायची सवय. दिनकर त्यांच्या मागच्या खुर्चीत, स्वच्छ टोपी घालून, जमिनीकडं बघत. मधे सतरंजीवर गोधडी पसरलेली. दोन सुया तशाच टोचलेल्या.

“महोदय,” वकील म्हणाले, “आम्हाला या लोककलेबद्दल आदरच आहे. पण एक पेटी, एक निनावी सुई आणि घरघराट, यावर इतिहास बदलायचा का? हात कुणाचा हेच माहीत नाही.”

मॅडम काही बोलणार तेवढ्यात मागचं दार उघडलं. फुलाबाई आत आली. इरकल नेसलेली, डोईवर पदर, हातात मेणाचा खडा. ती कुणाकडंही न बघता सरळ सतरंजीवर गेली, दुसऱ्या सुईपुढं मांडी घालून बसली आणि म्हणाली, “माजा हाय.”

दिनकर अर्धवट उठला. “अगं ए! तू घरी हुतीस…”

“तुमी हुता का घरी, मी हुते का न्हाई बगायला?”

सभागृहात एक लाट उठली आणि बसली. मॅडमची धांदल उडाली. अंगठी हातातून दोनदा पडली. ती बोटात घालून त्यांनी फुलाबाईसमोर एक कोरं फडकं ठेवलं. “नेहमीसारखं शिवा, मावशी. अगदी नेहमीसारखं.”

फुलाबाईनं शिवायला घेतलं. सगळे श्वास धरून. पेटीवरची रेघ वेडीवाकडी नाचत राहिली. मॅडमनी मान हलवली. “वेग स्थिर होत नाहीये.”

“कसा व्हईल?” फुलाबाई वैतागली. “समदी मेल्यागत गप बसल्याती. मला न्हाई येत गपचूप शिवायला. शिवताना कुणीतरी बोलाय लागतं.”

न्यायमूर्तींनी चष्मा वर केला. “मग बोला.”

“कुणासंगट? तुमच्यासंगट?”

हसू फुटलं. तोवर शेवंता उठून सतरंजीवर येऊन बसली होती, समोरासमोर. बसली खरी, पण तोंडातून शब्द फुटेना. दहा वर्षांत थेट बोलायची सवयच गेलेली, आणि इथं म्हैस नव्हती.

“आक्का,” शेवंता शेवटी म्हणाली, “टाकं अजून वाकडंच घालतीस.”

“आणि तुजी भाकरी अजून कडंला कच्चीच ऱ्हाती. वास येतो पलीकडं.”

“कच्च्या भाकरीचा कसला गं वास?”

“मला येतो. आणि कलेक्टरची सासू कुणाला म्हणालीस गं?”

“तुलाच. दुसरी कोण हाय नाकवाली?”

मग जे सुरू झालं ते आयोगाच्या लघुलेखकाला काही केल्या टिपता येईना. कोंबड्या, नळाची पाळी, कस्तुराचा खोकला, सुशांतच्या लग्नात शेवंताला न दिलेलं आमंत्रण, दिलं असतं तर ती आली असती का, आली असती तर कुठलं लुगडं नेसली असती. न्यायमूर्तींनी एकदाही थांबवलं नाही. फुलाबाईची सुई सरसर चालली होती. पेटीवरची रेघ सरळ झाली, गुळगुळीत झाली, आणि मॅडम जवळजवळ किंचाळल्या, “मिळाला! हात मिळाला!”

गोधडीवरून पेटीचा डोळा फिरला. खरखर. मग आवाज, तुकड्या-तुकड्यांनी. दोरा ओढला जाताना तेवढा यायचा, पुन्हा खाडकन बंद. कावळा. लांबून भांड्यांचा, जेवणावळीतल्या बायकांच्या हसण्याचा आवाज. आणि एकदम जवळून, वीतभर अंतरावरून:

“…फुले, टाका लांब पडतोय… बाळाचं बोट अडकंल त्यात…”

फुलाबाईच्या हातातलं फडकं गळून पडलं.

“…पोरगीच हुनार शेवंतीला… बघ तू…” कावळा. हसणं. भोंगा नाही. ताकीद नाही. पुन्हा ओढ, पुन्हा तुकडा. “…माजी मांडी आखडली गं… उठता येत न्हाई आता मला… ही ओळ सरली… की उठव मला…”

पुढची ओढ अर्धीच होती. तिच्यात फक्त एक स्फोट होता. मग काही नाही.

वकिलांनी बाह्यांची बटणं चाचपली. “ताकीद दोन ओढींच्या मधल्या रिकाम्या गाळ्यांमध्ये दिली गेली असेल…”

“तुमच्याच अहवालात भोंगा बराच वेळ वाजत होता,” मॅडम म्हणाल्या. “इथं सगळ्यात मोठा गाळा सुईत दोरा ओवण्याएवढाही नाही.”

“आणि हा आवाज मयत बाईंचाच, हे कोण सांगणार? एखादी नात्यातली बाई? हितसंबंधी?”

“मी सांगतो.”

दिनकर उभा होता. टोपी हातात. “आईचाच हाय. मी सही केली तवा म्हाईत हुतं मला. आईला मांडी घालून बसल्यावर हात दिल्याबिगर उठता येत नव्हतं. दगड कुठला घिऊन उभी ऱ्हाती ती.” तो फुलाबाईकडं वळला. “पोराची नोकरी जाईल.”

“जाऊंदे,” फुलाबाई म्हणाली. मान वर न करता. “त्याला शिवाय शिकवीन.”

रडता रडता कुणीतरी हसलं, बहुधा संपत. मग बाहेर खिडक्यांशी उभ्या असलेल्या गावाला कळलं, आणि जो गलका उठला त्यात न्यायमूर्तींनी काय नोंदवून घ्यायला सांगितलं ते लघुलेखकाला दोनदा विचारावं लागलं. “बसलेल्या,” न्यायमूर्ती पुन्हा म्हणाले. “लिहा. मयत बसलेल्या होत्या. आणि ताकीद दिली गेली नाही.”

लोक बाहेर पळाले, मॅडम फोनवर ओरडत पळाल्या, वकील कागद गोळा करायला लागले. फुलाबाई उठली नाही. तिनं दुसरी सुई गोधडीतून काढली नाही, नुसती मोकळी केली, गंजलेल्या टोकावर मेणाचा खडा घासला आणि दहा वर्षांपूर्वी जिथं हात थांबला होता तिथून पुढं टाका घातला. गोजराबाईच्या सुईला तिनं पदराचाही स्पर्श होऊ दिला नाही. शेवंता समोर बसून बघत राहिली. टाके वाकडेच होते.

“शेवंते,” फुलाबाई म्हणाली, “माजी बी मांडी आखडली गं. ही ओळ सरली की उठव मला.”

ओळ सरली. शेवंतानं दोन्ही हात पुढं केले.